कपाटाची किल्ली

हक्क आणि परवाना हे दोन शब्द आम्हा वकीलमंडळींच्या तोंडी दिवसातून इतक्या वेळा येतात की त्यांच्यामधले अंतर आम्हांला सहसा जाणवेनासे होते. वस्तुतः हे अंतर फार मोठे आहे. हक्क माणसाच्या अंगचा असतो. तो काढून घ्यावयाचा तर सरकारला कारण दाखवावे लागते. परवाना सरकारच्या हातचा असतो. तो मागावयाचा तर माणसाला कारण दाखवावे लागते. बंदुकीच्या बाबतीत अमेरिका हक्काच्या बाजूस उभी आहे आणि आपण परवान्याच्या. तिकडे एखाद्या शाळेत शिरून कोणी मुलांवर गोळ्या झाडल्याची बातमी आली, आणि ती वर्षातून अनेकदा येते, की आपल्याकडची सुशिक्षित माणसे 'त्यांच्या हक्कानेच त्यांचे वाटोळे केले' असे म्हणून वर्तमानपत्राची घडी घालतात. या सोयीस्कर समाधानाविषयी मला येथे थोडे लिहावयाचे आहे.

लिहिण्याचा अधिकार एवढाच की मी ग्वाल्हेरीत वकिली करतो. भिंड, मुरैना, शिवपुरी हे जिल्हे आमच्या उंबरठ्यावरचे, आणि चंबळेच्या या मुलखात बंदूक ही संरक्षणाची वस्तू असण्याआधी प्रतिष्ठेची वस्तू आहे. येथे मुलगी देताना शेती किती, नोकरी कोणती, यांच्या जोडीने घरात परवाना आहे की नाही हेही विचारणारे लोक मी पाहिले आहेत. शिवपुरी जिल्ह्यात २००८ साली पुरुषांनी नसबंदी करून घ्यावी म्हणून प्रशासनाने त्यांना शस्त्रपरवाना त्वरेने देण्याचे आमिष दाखविले होते, ही गोष्ट परप्रांतीयांना विनोदी वाटते. आम्हांला ती व्यवहारी वाटली होती. परवाना नाकारला गेला म्हणून आयुक्तांकडे अपील करणारे पक्षकार माझ्याकडे नित्य येतात. त्यांच्या अर्जात जिवाला धोका असल्याचे लिहिलेले असते. बोलण्यात मात्र शेजाऱ्याला परवाना मिळाल्याचे दुःख अधिक असते. तेव्हा अमेरिकन मनुष्याचे बंदुकीवरचे प्रेम मला अगदीच अगम्य वाटत नाही.

ते प्रेम कोठून आले हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकेच्या संविधानात १७९१ साली जी दुसरी दुरुस्ती समाविष्ट झाली तिचे इंग्रजी शब्द अवघे सत्तावीस आहेत. त्यांत स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुव्यवस्थित नागरी सेना आवश्यक असल्याचे आधी म्हटले आहे आणि शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर अतिक्रमण होऊ नये असे नंतर. हा हक्क सेनेच्या निमित्ताने मिळाला की प्रत्येक नागरिकाला स्वतंत्रपणे मिळाला, या वादात दोन शतके गेली. १९३९ च्या मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नागरी सेनेचा संबंध महत्त्वाचा मानला. २००८ साली हेलर खटल्यात मात्र पाच विरुद्ध चार अशा मतांनी हा व्यक्तीचा हक्क ठरला, आणि घरात पिस्तूल ठेवण्यास वॉशिंग्टन शहराने केलेली बंदी रद्द झाली. त्या निकालपत्रातही हा हक्क अमर्याद नाही, शाळांसारख्या ठिकाणी शस्त्र नेण्यास असलेली जुनी मनाई त्यामुळे बाधित होत नाही, असे स्पष्ट म्हटले होते. परंतु निकालपत्रांतील अशा वाक्यांचे नशीब आम्ही वकील जाणतो. लोकांच्या स्मरणात निकाल राहतो, मर्यादा राहत नाही.

आपण भारतीयांनी या हक्काची सरसकट थट्टा करू नये, असेही मला वाटते. लिटनसाहेबांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा झाला तेव्हा युरोपियनांना त्यातून सूट होती आणि एतद्देशीयांना परवान्यावाचून शस्त्र ठेवण्याची मनाई होती. त्या भेदभावाविरुद्ध काँग्रेसने वर्षानुवर्षे ठराव केले. निःशस्त्र प्रजेवर राज्य करणे सोपे असते हे सत्य आपल्या पूर्वजांनी अनुभवलेले आहे. अमेरिकेतही यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांनी नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना निःशस्त्र करणारे कायदे केले होते. सरकारवर विश्वास टाकून शस्त्र खाली ठेवा, असे ज्याला सांगावयाचे त्याच्या इतिहासात त्या विश्वासाची किंमत काय लागली आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर आपण मात्र निराळा मार्ग पत्करला. आपल्या संविधानातील मूलभूत हक्कांच्या भागात, शिखांच्या कृपाणाचा अपवाद सोडला, तर नागरिकाच्या संदर्भात शस्त्राचा उल्लेख येतो तो शांततेने आणि शस्त्रांवाचून एकत्र जमण्याच्या हक्कात. १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ च्या ऑक्टोबरात अमलात आला. त्यातून वंशभेद गेला, परवाना राहिला. काही ठिकाणी जुन्या परंपरेला मान दिला गेला. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात जम्मा जमीनधारकांना विशिष्ट बंदुकांपुरती परवान्यातून सूट आहे आणि तिची मुदत केंद्र सरकारने २०२९ पर्यंत वाढविली आहे. पण ही सूटही सरकारने दिलेली आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत बेकायदा शस्त्रांचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन हाती घेतला, तेव्हाही अमेरिकेत हा मूलभूत हक्क मानला जातो, आपल्याकडे कायद्याने अधिकार दिल्यावाचून तो कोणासही नाही, हा भेद न्यायमूर्तींनी आवर्जून नोंदविला.

आता शाळांकडे वळू. १९९९ च्या एप्रिलात कोलोरॅडोतील कोलंबाइन विद्यालयात दोन विद्यार्थ्यांनी आपल्याच बारा सोबत्यांना आणि एका शिक्षकाला ठार केले. २०१२ च्या डिसेंबरात कनेक्टिकटमधील न्यूटाउन गावी सहा-सात वर्षांची वीस बालके आणि सहा मोठी माणसे मारली गेली. २०१८ च्या फेब्रुवारीत फ्लॉरिडातील पार्कलंड येथे सतरा जण गेले. २०२२ च्या मे महिन्यात टेक्सासमधील युव्हाल्डी येथे एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका. ही नावे अमेरिकन माणसाच्या मनात आता युद्धक्षेत्रांच्या नावांसारखी बसली आहेत. २०२० पासून त्या देशात एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बंदूक हे झाले आहे. मोटार अपघातांनाही तिने मागे टाकले. यांत शाळेतील मृत्यूंचा वाटा लहान आहे. बहुसंख्य मुले घरी, रस्त्यावर, आत्महत्येत किंवा अपघाताने जातात. परंतु शाळा ही अशी जागा आहे की तेथे मूल आपण विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले असते. म्हणून तेथील एक मृत्यू शंभरांसारखा वाजतो.

माझी थोरली बहीण न्यू जर्सीस असते. त्या राज्यात २०१० पासून प्रत्येक शाळेत महिन्याला एक अग्निसराव आणि एक सुरक्षासराव घ्यावा लागतो. माझी भाची दुसरीत असताना तिने दूरध्वनीवर मोठ्या उत्साहाने आम्हांला हा सराव समजावून सांगितला होता. दिवे मालवायचे, दाराला आतून कुलूप लावायचे, खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसायचे आणि बाई सांगेपर्यंत अवाक्षर काढायचे नाही. नंतर तिने माझ्या मुलाला विचारले, "दादा, तुझ्या वर्गातला कोपरा कुठला?" त्याला प्रश्नच कळला नाही. आपल्या मुलाला हा प्रश्न कळू नये यात बाप म्हणून मला जे सुख वाटले, ते कितपत खरे आहे याचा शोध घेण्याची बुद्धी मला त्या क्षणापासून झाली.

तिकडच्या वादाचे स्वरूप पाहू. एक पक्ष म्हणतो, शस्त्रे कमी करा. खरेदीपूर्वी प्रत्येकाची चौकशी करा. युद्धात शोभतील अशा बंदुका बाजारातून काढा. दुसरा पक्ष म्हणतो, दुष्ट मनुष्य कायदा पाळत नाही. कायद्याने सज्जन तेवढा निःशस्त्र होईल. शाळेच्या दारात सशस्त्र पहारा ठेवा. दोघांनाही आपापले पुरावे सापडतात. न्यूटाउननंतर खरेदीपूर्व चौकशीची व्याप्ती वाढविण्याचा प्रस्ताव २०१३ च्या एप्रिलात सिनेटसमोर आला. त्यास चौपन्न मते पडली आणि साठ हवी होती म्हणून तो पडला. पार्कलंडनंतर मात्र फ्लॉरिडाने, जेथे बंदूकप्रेमी थोडे नाहीत, अवघ्या तीन आठवड्यांत बंदूक खरेदीचे किमान वय एकवीस केले आणि धोकादायक व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या हुकुमाने तात्पुरती काढून घेण्याची तरतूद केली. युव्हाल्डीत तर दोन्ही पक्षांची परीक्षा झाली. अठरावे वर्ष लागताच त्या तरुणाने कायदेशीरपणे बंदुका विकत घेतल्या होत्या, ही पहिल्या पक्षाची बाजू. आणि शाळेत जमलेले शेकडो शस्त्रधारी पोलीस सत्त्याहत्तर मिनिटे त्या वर्गात शिरले नाहीत, तेव्हा दारातला सशस्त्र सज्जन मुलांना वाचवील हा दुसऱ्या पक्षाचा भरवसा कोसळला. त्याचबरोबर पोलिसांवर विसंबू नका, ही त्याच पक्षाची दुसरी शिकवण बळकट झाली! त्या घटनेनंतर एक महिना होत होता तोच सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात घराबाहेर शस्त्र बाळगण्याचाही हक्क मान्य केला, आणि दोनच दिवसांनी, जवळजवळ तीन दशकांतील सर्वांत महत्त्वाचा म्हणावा असा शस्त्रनियंत्रणाचा कायदा तेथील राष्ट्राध्यक्षांच्या सहीने अमलात आला. एका हाताने द्यावे आणि दुसऱ्याने काढून घ्यावे, असा हा प्रकार एकाच आठवड्यात झाला.

कायद्याची गंमत पाहावयाची तर लोपेझ खटला वाचावा. १९९२ साली सॅन अँटोनिओ येथील बारावीतला एक मुलगा पिस्तूल आणि पाच गोळ्या घेऊन शाळेत आला. शाळेच्या परिसरात बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरविणारा १९९० चा केंद्रीय कायदा होता. त्याखाली खटला झाला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदाच रद्द केला, कारण आंतरराज्य व्यापारावर नियंत्रण ठेवण्याचा जो अधिकार केंद्राला आहे त्याच्याशी शाळेत बंदूक आणण्याचा संबंध पोचत नव्हता. पुढल्याच वर्षी ती बंदूक राज्यांच्या सीमा ओलांडून आलेली असावी, एवढे शब्द घालून कायदा पुन्हा संमत झाला. अधिकार कोणाचा, याच्या खलात तेथे बालकांचे प्राण कुटले जातात, असे म्हणावेसे वाटते. पण संघराज्यात हे होणारच. बेळगावच्या वाचकांना ते मी काय सांगावे?

ब्रिटनचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १९९६ च्या मार्चमध्ये एका इसमाने परवान्याच्या पिस्तुलांनी सोळा बालके आणि त्यांची शिक्षिका मारली. पुढील वर्षी दोन कायदे करून ब्रिटनने जवळजवळ सर्व खाजगी पिस्तुलांवर बंदी घातली. दीड लाखाहून अधिक पिस्तुले लोकांनी आणून दिली. त्यानंतर तेथील कोणत्याही शाळेत बंदुकीने तसे हत्याकांड झालेले नाही. परंतु ब्रिटनमध्ये शस्त्र हा परवानाच होता. दिलेला परवाना परत घेता आला. अमेरिकेत नागरिकांजवळ एकोणचाळीस कोटींवर बंदुका असल्याचा अंदाज जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केला. माणसांपेक्षा बंदुका अधिक. त्या गोळा करणे हे कायद्याच्या आणि मनुष्यबळाच्याही पलीकडचे आहे. म्हणून डनब्लेनचे उदाहरण देऊन अमेरिकेला उपदेश करणाऱ्यांनी थोडे थांबावे. जी बंदूक घरात आहे ती घरातच राहणार असे धरून चालले, तर पुढे काय, हा खरा प्रश्न आहे.

आणि येथेच मला या सबंध वादातील एक विसरलेली गोष्ट दिसते. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या काळातील शाळांवरील एकेचाळीस हल्ल्यांचा अभ्यास करून २०१९ साली अहवाल दिला. ज्यांत बंदूक वापरली गेली त्या हल्ल्यांपैकी तीनचतुर्थांशांत ती मुलाच्या आईबापांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरातून आली होती. आणि सुमारे निम्म्यांत ती सहज हाती लागेल अशी ठेवलेली होती. म्हणजे दुकानदार, चौकशी, सीमा, व्यापार यांच्यावर संसद आणि न्यायालये भांडत असताना बंदूक शयनगृहातील कपाटातून दप्तरात जात होती. न्यूटाउनच्या मारेकऱ्याने वापरलेल्या बंदुका त्याच्या आईने कायद्याने विकत घेतलेल्या होत्या; त्याने पहिला खून तिचाच केला.

आता आपल्याकडे या. २००७ च्या डिसेंबरात गुडगावच्या एका शाळेत आठवीतल्या मुलाला त्याच्याच वर्गसोबत्यांनी गोळ्या घालून मारले. पिस्तूल त्यांपैकी एकाच्या वडिलांचे होते. २०१८ च्या जानेवारीत हरियाणातीलच यमुनानगर येथे बारावीतल्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापिकेला ठार केले. शस्त्र वडिलांचे, परवान्याचे. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात सहा वर्षांच्या मुलाने आईच्या पिस्तुलाने वर्गातच शिक्षिकेवर गोळी झाडली, तेव्हा आपण कानांवर हात ठेवले. २०२४ च्या जुलैत बिहारमधील सुपौल जिल्ह्यात पाच वर्षांच्या मुलाने घरचे पिस्तूल दप्तरातून नेऊन तिसरीतल्या मुलावर झाडले. गोळी त्याच्या हाताला लागली म्हणून तो वाचला. एका मुलाच्या देशात शस्त्र हा हक्क, दुसऱ्याच्या देशात तो परवाना. दोन्ही मुलांना त्या भेदाचा पत्ता नव्हता. त्यांना फक्त वस्तू कोठे ठेवतात हे माहीत होते.

यावर आक्षेप येईल की आपल्याकडील खरा धोका बेकायदा कट्ट्यांचा आहे. तो आहेच. त्याच अंदाजाप्रमाणे भारतात नागरिकांजवळील सुमारे सात कोटी बंदुकांपैकी नोंदलेल्या एक कोटीच्याही आत आहेत. आमच्याच मध्यप्रदेशात छतरपूर जिल्ह्यात २०२४ च्या डिसेंबरात बारावीतल्या विद्यार्थ्याने प्राचार्यांना शाळेतच गोळी घातली. कट्टे बनविणाऱ्यांचा बंदोबस्त पोलिसांनी करावयाचा आहे, आणि त्याविषयी कोणाचे दुमत नाही. पण दुमत नसलेल्या गोष्टीमागे लपून, जे आपल्या हातात आहे ते टाळू नये. दुसरा आक्षेप गोव्याच्या वाचकांकडून येईल. सत्तरी किंवा सांगे भागात रानडुकरांपासून बागायत राखणाऱ्या कुळाघरच्या शेतकऱ्याला बंदूक चैनीसाठी नको असते. त्याची बंदूक काढून घ्या, असे मी म्हणत नाही. रात्री बागायतीत ती त्याच्या खांद्यावर असते, तेव्हा मला चिंता नाही. दिवसा तो बाजाराला जातो तेव्हा ती कोठे असते, एवढेच मला विचारावयाचे आहे.

या प्रश्नाला मिशिगनमधील एका न्यायालयाने २०२४ साली जे उत्तर दिले त्याने वकीलवर्गात मोठी खळबळ उडाली. २०२१ च्या नोव्हेंबरात ऑक्सफर्ड येथील विद्यालयात पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारले. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी विकत घेतले होते, मुलासाठी म्हणून. घटनेच्या दिवशी सकाळी मुलाने काढलेली चित्रे पाहून शाळेने आईबापांना बोलावले होते. त्यांनी मुलाला घरी नेले नाही आणि घरातील पिस्तुलाचा उल्लेख केला नाही. मुलाला आजन्म कारावास झालाच. पुढे आईला आणि बापाला स्वतंत्र ज्यूरींनी अनैच्छिक मनुष्यवधासाठी दोषी ठरविले आणि प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतील अशा सामुदायिक हत्येसाठी आईबापांना याप्रकारे दोषी धरण्याचा हा तेथील पहिलाच प्रसंग.

आरोपीच्या बाजूने उभे राहण्यात माझी हयात चालली आहे, आणि या निकालाने माझे पूर्ण समाधान होत नाही. मुलगा एका न्यायालयात प्रौढ म्हणून उभा केला गेला, म्हणजे आपल्या कृत्याला तो स्वतः पुरा जबाबदार. आणि दुसऱ्या न्यायालयात तो लेकरू ठरला, म्हणजे जबाबदार आईबाप. एकाच कृत्याचे हे दोन हिशेब जुळविताना तर्कशास्त्राला घाम फुटतो. शिवाय ती घटना घडली तेव्हा मिशिगनमध्ये बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. तो अमलात आला २०२४ च्या फेब्रुवारीत, आईच्या दोषसिद्धीनंतर आठवड्याभराने. कर्तव्य आधी सांगावे आणि मोडल्यास मग शिक्षा करावी, हा न्यायाचा क्रम. येथे शिक्षा पुढे गेली आणि कर्तव्य मागाहून आले. चार मुले गेल्यावर पंधरा वर्षांचा कारावास देण्यापेक्षा, आधी एक कुलूप मागितले असते तर ते अधिक न्यायाचे झाले असते.

आपल्याकडे हा क्रम नीट आहे काय? २०१९ साली आपल्या संसदेने दोन कायद्यांत दुरुस्त्या केल्या. मोटार वाहन अधिनियमात नवे कलम आले: अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जाईल, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होईल, आणि आपल्याला ठाऊक नव्हते हे त्यानेच सिद्ध करावयाचे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शस्त्र अधिनियम दुरुस्त झाला. बाळगावयाच्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, लग्नवरातीत बेफाम गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आली. परंतु अल्पवयीन मुलाच्या हाती घरचे शस्त्र लागले तर मालकाचे काय, याविषयी गाडीच्या कलमासारखे स्पष्ट कलम आले नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षित ठेवीन असे लेखी वचन अर्जदाराकडून घेतले जाते. आणि परवान्याच्या अटी मोडल्यास शिक्षा आहे ती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे मुलाने बापाची स्कूटर काढली तर बापाला तीन वर्षे, बंदूक काढली तर सहा महिने! मुलाने कोणाचा प्राण घेतला तर निष्काळजीपणाची इतर कलमे लावता येतील, हे मी जाणतो. पण ती कलमे प्रेताच्या शेजारी बसून लावावयाची असतात.

हे सारे मी केवळ पुस्तकातून लिहीत नाही. माझे आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या महसूल खात्यात होते. त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक वडिलांकडे आली. वडिलांनी ती कधी झाडलेली मला आठवत नाही. पण खंडेनवमीस तिला तेल लागे, गंधफूल वाहिले जाई, आणि मग ती पुन्हा लोखंडी कपाटात जाई. २०२१ साली वडील गेले. परवाना माणसाचा असतो, त्याच्या घराण्याचा नसतो. तेव्हा बंदूक जमा करणे आणि वारसाने नवा परवाना मागणे, किंवा ती विकणे, एवढेच मार्ग होते. तेरावा झाल्यावर आम्ही बसलो. दादा इंदुरास असतो, तो म्हणाला, "आजोबांची एवढी एकच खूण उरली आहे. ती काय भंगार आहे विकायला?" आई म्हणाली, "तुमच्या वडिलांची पूजा एक वर्ष चुकली नाही. घरात शस्त्र असावं. पुढचं तुम्ही पाहा." दोघांचेही म्हणणे मला पटत होते. अर्ज मीच लिहिणार होतो, आणि तो मंजूर कसा करून घ्यावयाचा हे या शहरात माझ्याइतके थोड्यांना ठाऊक असेल.

जमा करण्यासाठी ती बाहेर काढावयाची म्हणून मी आईजवळ किल्ली मागितली. आई उठण्याआधीच माझा मुलगा उठला, देवघराच्या फडताळातील करंड्याखालून किल्ली काढून त्याने माझ्या हातात ठेवली. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. आईने त्याला विचारले, "तुला रे कोणी सांगितलं ही कुठे असते?" तो म्हणाला, "सगळ्यांनाच माहीत आहे, आजी." आणि ते खरेच होते. धुणेवालीस ठाऊक होते, दादाच्या मुलींना ठाऊक होते. वडिलांइतका सावध मनुष्य मी पाहिला नाही. काडतुसे ते निराळी ठेवीत, कपाट कधी उघडे राहिले नाही. पण घर म्हणजे अशी संस्था आहे की तिच्यात गुप्त असे काही राहत नाही, आणि मुलांपासून तर नाहीच. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तूच काय ते ठरव." मी वारस परवान्याचा अर्ज केला नाही. बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे जमा झाली आणि वर्षभराने विकली गेली. खंडेनवमीस आई आता आजोबांचा तराजू आणि माझी कायद्याची पुस्तके पुजते. तिला रुखरुख आहे. ती मी दूर करू शकलेलो नाही.

माझ्या निर्णयाचा कोणी कित्ता गिरवावा असा माझा आग्रह नाही. भिंडच्या बीहडात एकाकी घर करून राहणाऱ्याने किंवा सत्तरीतल्या बागायतदाराने निराळा निर्णय घेतला तर तो योग्यही असेल. माझे म्हणणे कायद्याविषयी आहे. आपल्या राज्यकर्त्यांना परवान्याच्या बंदुकीचा धोका कळत नाही असे नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जिल्ह्याजिल्ह्यांतून परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे हुकूम सुटतात. आमच्या ग्वाल्हेर भागात तर त्या दिवसांत ठाण्यांसमोर रांगा लागतात. मतपेटीच्या रक्षणासाठी जो विचार पाच वर्षांतून दोन-तीनदा सुचतो, तो शाळेच्या दप्तरासाठी एकदाही सुचू नये, हे नवल आहे. परवाना देताना सरकार अर्जदाराचे चारित्र्य तपासते, त्याच्यावरचे खटले तपासते, त्याच्या जिवाला धोका आहे का ते तपासते. ती बंदूक ज्या घरात जाणार ते घर कोणी पाहिलेले माझ्या तरी अनुभवात नाही.

हक्क मोठा की परवाना मोठा, हा वाद अमेरिकेत अजून कित्येक वर्षे चालेल. आपण तो ऐकावा आणि त्यातून शिकावे. पण आपला मार्ग शहाणपणाचा ठरला असे मानून स्वस्थ बसण्याइतका पुरावा आपल्या बाजूस नाही. परवाना हे कर्तव्य लादण्याचे सोयीचे साधन आहे. जो मागावयास आला आहे त्याच्यावर अट घालता येते, आणि अमेरिकन कायदेकाराला जी सवलत प्रत्येक वेळी न्यायालयात झगडून मिळवावी लागते ती आपल्या कलेक्टरच्या लेखणीत आयतीच आहे. ती लेखणी वापरावयाची तर फार काही लागत नाही. छापील अर्जात तीन रकाने वाढवावेत: घरात कोण कोण राहते, त्यांत अठरा वर्षांखालील किती, आणि कपाटाची किल्ली कोणाजवळ राहील. उत्तर खरे आहे की नाही हे पाहण्यास वर्षातून एकदा कोणी तरी घरी यावे. आणि तिसऱ्या रकान्यातले उत्तर खोटे ठरले, तर निदान स्कूटरच्या मालकाइतकी तरी शिक्षा बंदुकीच्या मालकाला असावी.